निकाली कुस्तीच्या नादात मानेचा सौदा

संपादक महोदय,
यात्रांचा हंगाम आला की सांगली जिल्ह्यातल्या कुंडलपासून गावोगावच्या निकाली, म्हणजे चितपट होईपर्यंतच्या, कुस्त्यांच्या मैदानांत टाळ्या मिळतात त्या ऐनवेळी सुचलेल्या डावाला. पण डाव चुकला तर जीव मानेवर बेततो. कलाजंग, म्हणजे समोरच्याला खांद्यावर उचलून टाकायचा डाव, मारताना त्याचा दंड छातीशी ओढलेला नसेल आणि आपलं डोकं त्याच्या काखेत घट्ट नसेल, तर त्याचं वजन खांद्यावर न येता थेट आपल्या मानेवर येतं. ढाकेत, म्हणजे मान आणि हात कवळून कमरेवरून फेकायच्या डावात, हात न अडकवता नुसती मान आवळणं तर मॅटवर नियमबाह्यच. पडणाऱ्यानं हात टेकला की कोपर निखळू शकतो. हनुवटी छातीला लावून पाठीवर पडायचं, हे पोरांना आधी शिकवा. आणि माती? पाणी मारून खोलवर खणलेली नसेल, तर हळद-ताक कितीही ओता, ती फरशीच. पंचांनी आधी फावडं मारून बघावं, मगच पैलवानांची जोड लावावी.

– एक कुस्तीप्रेमी, सांगली