सिस्टर, अ‍ॅडमिशन झालं!

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

एम.एस्सी. नर्सिंगला अ‍ॅडमिशन झालं, मेडिकल सर्जिकलच (मोठ्या माणसांचे आजार आणि ऑपरेशनं) मिळालं. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं, डबा खाल्लास का?" म्हणून विषयच बदललात. तुम्ही आभार मानूच देत नाही, म्हणून हे जाहीर पत्र. आपल्या वॉर्डातल्या दोघी-तिघी याच विचारात आहेत, त्यांनाही उपयोग होईल.

घरात सगळ्यांचा कल चाइल्ड हेल्थकडे होता. आत्याचं म्हणणं, लहान मुलांचं काम कसं छान असतं. (आत्यानं पीडियाट्रिक वॉर्डातली सलाईन लावायची वेळ पाहिलेली नाही!) तुम्ही मत दिलंच नाहीत. एवढंच विचारलंत, "ड्युटी संपताना हँडओव्हर देताना कुठल्या पेशंटवर तुझं बोलणं लांबतं?" उत्तर तुम्हालाही ठाऊक होतं. मधुमेहाचे, किडनीचे, दम्यानं बेजार झालेले आजी-आजोबा. एका नाईटला पॅरालिसिसच्या आजोबांना कुशीवर वळवून तुम्ही माझं बोट त्यांच्या टाचेवर टेकवलंत. लालसर डाग दाबला तरी पांढरा पडत नव्हता. "कातडी फाटलेली नाही, पण बेडसोअर (पडून राहून होणारी जखम) सुरू झालाय," म्हणालात आणि लगेच पोटरीखाली उशी सरकवून टाच अधांतरी ठेवलीत. माझा विषय मला तिथंच मिळाला होता, कबूल करायला मी वेळ लावला.

मग तो एजंट. परराज्यातलं कॉलेज, 'नॉन-अटेंडिंग', नोकरी न सोडता डिग्री. दोन वर्षं पगार बुडणार नाही म्हणून दादा खूश. तुम्ही फोन स्पीकरवर टाकायला लावलात आणि शांतपणे विचारलंत, "क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, कुठं असतं?" पलीकडून "मॅडम, ते सगळं अ‍ॅडजस्ट होतं." पुढं तुम्ही जे बोललात ते इथं लिहीत नाही.

पात्रतेचं तुम्ही दोन मिनिटांत उरकलंत: बी.एस्सी.ला ५५ टक्के, एक वर्षाचा अनुभव, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन. पुण्यात अभिमत विद्यापीठांची कॉलेजं वेगळी आणि नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेली वेगळी, तेव्हा प्रवेशाची पद्धत आणि फी दोन्हीकडे स्वतंत्र विचार, हेही सांगितलंत. क्रिटिकल केअरच्या नर्स प्रॅक्टिशनर कोर्सचीही चौकशी करायला लावलीत. तो दोन वर्षांचा रेसिडेन्सीचा कोर्स, जवळजवळ सगळा वेळ पेशंटजवळ. मला पुढं शिकवायचंय, म्हणून मी एम.एस्सी.वर आले.

खरी मदत कॉलेज बघताना झाली. मी माहितीपुस्तिका घेऊन आले, तुम्ही ती उघडलीही नाहीत. "सकाळी आठला त्यांच्या वॉर्डात जा. मुलींबरोबर टीचर उभी आहे का बघ. ऑफिसात नको, वॉर्डच्या सिस्टरला विचार." तसंच केलं. एका ठिकाणी इमारत चकाचक, पण मेडिसिन वॉर्डात निम्म्या खाटा रिकाम्या आणि मुली कोपऱ्यात जर्नल उतरवत बसलेल्या. दुसरीकडे लिफ्ट बंद, भिंतींना ओल. पण खाटा भरलेल्या आणि मॅडम स्वतः इंटरकॉस्टल ड्रेनची (छातीत साठलेली हवा-पाणी काढायच्या नळीची) बाटली दाखवून विचारत होत्या, पाण्याची पातळी श्वासाबरोबर हलायची का थांबली. नळी दबली, की फुफ्फुस फुगलं? उत्तर मलाही द्यावंसं वाटलं. मेडिकल सर्जिकलमध्ये कार्डिओ, न्यूरो, ऑन्कोलॉजी, नेफ्रो अशा उपशाखा असतात. त्यातली कुठली खरोखर चालते आणि थेसिसला एका गाइडकडे किती जणी असतात, हेही तुमच्या सांगण्यावरून तिथंच विचारून घेतलं.

लिफ्ट अजून बंदच आहे, सिस्टर. जिन्यानं जाते.

थेसिससाठी टाचेचे बेडसोअर घ्यावेत असं मनात आहे. गाइडना सांगण्याआधी रविवारी तुमच्याकडे येते. डबा मी आणेन, तुम्ही फक्त लाल पेन काढून ठेवा.

तुमची,
नाईटची जोडीदार