ओलगेचा अर्थ कुणाला येतो?

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर म्हणालास ते डोक्यातून जाईना. "आई, मी हात जोडतो आणि मनात कटऑफच चालू असतो. उगं देवाला फसवल्यासारखं होतं. त्यापेक्षा करूच नये." तेवढ्यात दारात दूधवाला आला, मी 'बरं बरं' म्हणून फोन ठेवला आणि मग दोन दिवस स्वतःवरच चिडले. तोंडानं मला धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. तुझे पप्पा म्हणायलेत, व्हॉट्सअॅपवर टाक. एवढं मोठं मला टाइप होत नाही.

मन भरकटतं म्हणून लाज वाटून घेऊ नको. लग्न होऊन आले तशी रोज देवापुढं उभी राहते, त्यातला निम्मा वेळ दूध उतू जातंय का, मोटार बंद केली का, ह्यातच जातो. घंटी वाजवतानाच आठवतं, कपडे भिजवायचे राहिले.

येळवस आठवते ना? मार्गशीर्षातली अमावास्या, सगळं लातूर कुलूप लावून शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी, आत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव, शेजारी भज्जी, उंडे, खीर. तुझे आजोबा डोक्याला पंचा बांधून हुरड्यात आलेल्या ज्वारीतून आंबील शिंपत चालायचे आणि मोठ्यानं ओरडायचे, 'ओलगे ओलगे सालम पोलगे'. तू त्यांच्या मागं पळत पळत काहीतरी भलतंच ओरडायचास, आणि आम्ही बांधावर बसून हसायचो. एकदा मी त्यांना विचारलं, मामा, ह्याचा अर्थ काय हो? ते थांबले, घाम पुसला, म्हणाले, "आमच्या बापानं सांगितला नाही. त्याला तरी कुठं ठाऊक होता." आणि ज्वारीच्या पुढच्या ओळीत शिरले. शेजारच्या गावात तर शब्दही थोडे वेगळे म्हणतात. अर्थ ठाऊक नाही म्हणून कुणी गप्प राहिलेलं मी पाहिलं नाही. ज्याला सांगायचं त्याला कळतंय, एवढा त्यांचा हिशोब.

माझं माहेर गंगाखेडचं, म्हणून जनाबाईचं आम्हाला जास्त कौतुक. तुला ती जात्यावर गोड गोड गाणारी जनी माहीत आहे. पण तिचे काही अभंग ऐक, विठोबाला शिव्या घातल्यात बाईनं! दुसऱ्याच्या घरची दासी, दळण-कांडण करून थकलेली, आणि देवालाच झापते. ते कुणी गाळून टाकले नाहीत, आजही भजनात म्हणतात. तुझा कटऑफ त्यापुढं काय आहे!

आता माझं सांगते, पप्पांनाही सांगितलं नव्हतं. २०१६ चा उन्हाळा. तू सहावीत होतास. मांजरा धरण आटलं होतं, एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. टीव्हीवर गाडी दिसली, आपल्या गल्लीत मात्र टँकरचीच वाट. रात्री दीड वाजता घागरी लाइनीत लावलेल्या, नंबर राहावा म्हणून कुणाची चप्पल, कुणाचा दगड. तू पालथ्या कॅनवर बसून डुलक्या घेत होतास. मी डोळे मिटून म्हणाले, देवा, टँकर येऊ दे, पण आधी आमच्याकडं. मागच्या गल्लीत शिरला की इकडं थेंब उरत नाही.

आला. आधी आपल्याकडंच. ड्रम भरत आला तशी मागच्या गल्लीतली एक बाई रिकामी घागर कमरेवर घेऊन पाइपजवळ येऊन उभी राहिली. तिची लेक बाळंतपणाला आलेली. मागितलं काही नाही, नुसती पाइपाकडं बघत राहिली. मी तिच्या घागरीत पाणी ओतलं ते लाजेनं, पुण्य-बिण्य डोक्यात नव्हतं. पण त्या रात्री मला पक्कं कळलं की देवानं माझं ऐकलंय. शब्द न् शब्द ऐकलाय. 'आधी आमच्याकडं' हे सुद्धा.

तेव्हापासून मी नीट शब्द जुळवायच्या भानगडीत पडत नाही. जे मनात असेल ते, वाकडं असलं तरी तसंच सांगते. लपवून तरी कुठं लपतंय.

तू विचारशील, मग आदल्या वर्षी पावसासाठी एवढे हात जोडले, त्याचं काय? पडला नाही. माझ्याकडं त्याचं उत्तर नाही. कुणी फार सफाईनं देत असेल तर त्याच्यापासून जरा लांबच राहा. मी मात्र बोलणं थांबवलं नाही, भांडले तेवढी.

तेव्हा अभ्यासाला बसण्याआधी हात जोडायचे असले तर जोड, आणि कटऑफचं मनात आलं तर कटऑफचंच सांग. नाही जोडलेस तरी मी रागावणार नाही. तुझ्या वाटणीचं मी इकडं म्हणते.

धपाटे आणि शेंगादाण्याची चटणी पाठवायलेय, रूममधल्या पोरांनाही दे. येळवशीला एक दिवस तरी ये. आजोबांच्या मागं कुणीतरी ओरडायला पाहिजे, कोपीपासून बांधापर्यंत आता त्यांचा आवाज पुरत नाही.

आत्ता दिवा लावताना तुझं नाव घेतलं आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. डाळ खाली लागली. पप्पा नाक मुरडत जेवायलेत.

तुझी,
आई