टीप ही लूट नाही हो, तो पगार आहे

मा. संपादक, स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेला मुलाकडे जाऊन आलेल्या एका गृहस्थांचं पत्र वाचलं. डायनरमध्ये, म्हणजे तिकडच्या साध्या हॉटेलात, बर्गर खायला गेलो तर आधीच महाग, वर टॅक्स, त्याच्यावर आणखी टीप, ही शुद्ध लूट आहे, आम्ही टेबलावर एक डॉलर ठेवून उठलो असं त्यांनी अगदी कॉलर ताठ करून लिहिलंय. मी गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत राहते, आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाचे आईवडील येतात आणि हे असं दरवर्षी घडतं, त्यामुळे त्या एका डॉलरबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना.

मेनूवर जी किंमत छापलेली असते त्यात टॅक्स नसतो आणि वाढणाऱ्या बाईचा पूर्ण पगारही नसतो. अमेरिकेचा केंद्रीय कायदा असा आहे की टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला फक्त 2.13 डॉलर दिले तरी चालतात, हा आकडा 1991 पासून तिथेच अडकून पडलाय, मधे किती सरकारं आली नि गेली. न्यू जर्सी त्यातल्या त्यात बरं, 2025 मध्ये इथे साधं किमान वेतन 15.49 डॉलर होतं, पण टीपवाल्यांना मालकाच्या खिशातून 5.62 दिले तरी कायदा खूश. मधला सगळा खड्डा टीपेने भरायचा. नाही भरला तर फरक मालकाने द्यायचा असतो, कायद्यात तसं आहे, पण रोजीसाठी राबणारी बाई महिन्याच्या शेवटी मालकाशी हिशेबावरून भांडेल का? कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन वगैरे मोजक्या राज्यांत आधी पूर्ण किमान वेतन आणि वर टीप अशी पद्धत आहे, पण त्या गृहस्थांचा मुलगा इथे आमच्याच बाजूला राहतो असं पत्रावरून दिसतं.

म्हणजे हिशेब असा, चौघांचं मिळून 40 डॉलर बिल झालं तर 6.625 टक्क्याने 2.65 टॅक्स आणि वीस टक्के धरले तर 8 डॉलर टीप, एकूण 50.65. पंधरा टक्के दिलेत तर 6. टीप टॅक्सच्या आधीच्या रकमेवर काढली तरी चालते, कुणी डोळे वटारत नाही. जास्त वाटतात ना पैसे? मलाही वाटतात. जेवायला जायचं की नाही हे ठरवतानाच तो आकडा धरायचा, टेबलावरून उठताना नाही.

आणि ती बाई त्या पैशात काय काय करते ते बघा ना जरा. आमच्या घराजवळच्या डायनरमध्ये एक पन्नाशीच्या पुढच्या बाई आहेत, तीन प्लेटी एका हातावर तोलून आणतात, कॉफीचा मग अर्धा झाला की न विचारता भरतात आणि त्याचे वेगळे पैसे नाहीत. आमच्या सासऱ्यांनी एकदा हौसेने डिस्को फ्राइज मागवल्या, म्हणजे फ्राइजवर चीज आणि ग्रेव्ही, न्यू जर्सीचा खास पदार्थ आहे तो. त्या बाईंनी ऑर्डर लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि विचारलं, ग्रेव्ही बीफची आहे, चालेल ना तुम्हाला? आम्ही काही बोललो नव्हतो, त्यांनीच आमच्याकडे बघून ओळखलं. मग ग्रेव्ही वगळून नुसतं चीज घालून आणलं. व्हेजी बर्गरची टिक्कीसुद्धा मागितली तर वेगळ्या पॅनवर करून देतात, नाहीतर त्याच तव्यावर शेजारी बेकन, म्हणजे डुकराचं मांस, तडतडत असतं (शाकाहारी पाहुण्यांनी हे विचारायलाच हवं, टिक्कीत अंडं आहे का तेही, आपोआप कुणी सांगेल असं धरून चालू नका).

आपले लोक काय करतात? एक बर्गर डिलक्स, म्हणजे सोबत फ्राइज, कोलस्लॉ, काकडीचं लोणचं सगळं आलं, तो चौघांत वाटायचा, तीनदा गरम पाणी मागायचं, लाल तिखट आहे का विचारायचं, टबॅस्को सॉसची बाटली आणून दिली की नाक मुरडायचं, दोन तास गप्पा मारायच्या आणि निघताना एक डॉलर. गप्पा मारा हो, त्याला माझी ना नाही, डायनर त्यासाठीच असतं, इराण्याकडे बसायचो तसं. बर्गर कोरडा होता असंही पत्रात आहे, तर वेल डन, म्हणजे पूर्ण भाजलेला, सांगितल्यावर कोरडाच येणार, मीडियम वेल, म्हणजे जरा कमी भाजलेला, सांगायचं आणि वर चीज. बीफ नको असेल तर टर्की किंवा चिकन बर्गर असतोच, आणि बरीच डायनर ग्रीक कुटुंबांची असल्यामुळे पालकाचा स्पिनॅच पाय मिळतो तो आपल्याकडच्या मंडळींना हमखास आवडतो.

उलट वडीलधाऱ्यांना मॉलच्या फूडकोर्टात नेण्यापेक्षा डायनरमध्येच न्या असं मी म्हणेन. ह्या राज्यात डायनर पूर्वी कारखान्यात तयार व्हायची आणि आख्खीच्या आख्खी गाडीवरून नेऊन जागेवर ठेवायची. जर्सी सिटीतलं व्हाइट माना नावाचं डायनर तर 1939 च्या न्यूयॉर्क वर्ल्ड फेअरमध्ये मांडलेलं होतं, 1946 पासून ते टॉनेली अव्हेन्यूवर आहे, जर्नल स्क्वेअरला आपल्या किराणा दुकानांपर्यंत जाणारे हजारो लोक त्याच्या जवळून जातात आणि आत कुणी शिरत नाही. छोटे छोटे बर्गर, खाली तव्यावर परतलेला कांदा, स्टूलवर बसून समोर होताना बघायचे.

टीपेची पद्धत चांगली आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. मालकाने द्यायचा पगार गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलाय सरळ सरळ, आणि आता तर कॉफी आपणच काउंटरवरून उचलायची तरी पैसे भरायचा टॅबलेट आपल्याकडे फिरवून वीस टक्के टीप मागतात, तिथे मी खुशाल नो टीप दाबते. पण राग मालकावर आणि कायद्यावर असेल तर तो प्लेट आणणाऱ्या बाईवर काढायचा कशाला? आपल्या एका डॉलरने मालकाचं काय वाकडं झालं?

पुरवणीत अमेरिकावारीच्या टिपा छापता त्यात एक एवढं मात्र जरूर छापा, की आठ-दहाजण मिळून गेलात तर बऱ्याच ठिकाणी अठरा टक्के वगैरे ग्रॅच्युइटी, म्हणजे टीपच, बिलातच लावलेली असते, ती ओळ आधी बघा आणि असेल तर वेगळी टीप ठेवू नका, नाहीतर खरोखरच दोनदा पैसे जातील आणि त्याचं पत्र परत तुमच्याकडेच येईल.

एक वाचक, न्यू जर्सी