सर्किट १७० व्होल्टवरही चालवून पाहा

मा. संपादक,

स.न.वि.वि.

पंपाची मोटार आपोआप चालू-बंद करणारे सर्किट हा पॉलिटेक्निकच्या मुलांचा आवडता प्रकल्प. संगणकावर ते बिनचूक चालते आणि शेतातल्या पेटीत बसवले की रिले (विजेने चालू-बंद होणारा छोटा स्विच) कटकट करू लागतो. चूक बहुतेक वेळा पॉवर सप्लायमध्ये असते. सिम्युलेशनमध्ये (संगणकावरच्या चाचणीत) वीज कायम २३० व्होल्ट धरलेली असते. रब्बीत मोटारी एकदम सुरू झाल्यावर फीडरच्या (वीजवाहिनीच्या) टोकाला दाब किती उतरतो, हे परभणी-बीडकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

नेहमीचाच सप्लाय घ्या: ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचे डीसी करणारे डायोड), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, स्थिर ५ व्होल्ट देणारी ७८०५ आयसी आणि ३०० मिलिअँपिअर लोड. २३० वर सेकंडरीचा (ट्रान्सफॉर्मरच्या आउटपुटचा) पीक, म्हणजे सर्वोच्च दाब, १२.७ व्होल्ट. डायोडमध्ये १.४ गेले, ११.३ उरले. रिपल (कपॅसिटरवरच्या दाबाचा चढउतार) साधारण ३ धरला तरी तळाला ८.३ राहतात; ७८०५ ला ७ पुरतात. आता १७० साठी सिम्युलेशनमधल्या सोर्सचा पीक ९.४ करा. डायोडनंतर ८ आणि रिपलच्या तळाला जेमतेम ५! आउटपुट सेकंदाला शंभर वेळा खचते, मायक्रोकंट्रोलर रीसेट होत राहतो, मोटारीची वीज जोडणाऱ्या कॉन्टॅक्टरचे पॉइंट जळतात. कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा केला की रिपल ०.६५ वर येतो आणि तळ सातच्या वर राहतो. मग २५० वरही चालवावे. तिथे ७८०५ मध्ये दोन वॅटहून जास्त उष्णता होते, म्हणजे हीटसिंक हवाच. सिम्युलेटर हे आपणहून सांगत नाही, व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार आपणच करायचा.

बदल करताना एका वेळी एकच पार्ट बदलावा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. डायोड म्हणून नुसते चिन्ह न ठेवता १एन४००७ चे मॉडेल जोडावे. ग्राउंड विसरू नये. आणि रेझिस्टरला नुसते 'एम' लिहिले तर स्पाइस (सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर) त्याला मिलिओहम समजते. मेगओहमसाठी 'मेग' लिहावे लागते. या एका अक्षरापायी तासन्‌तास वाया जातात.

आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचे ईसिम हे सिम्युलेशनचे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यामुळे खर्चाची सबब उरत नाही. विभागप्रमुखांना कळकळीची विनंती आहे: १७०, २३० आणि २५० व्होल्टचे तिन्ही वेव्हफॉर्म जोडल्याशिवाय अशा प्रकल्पाच्या अहवालावर सही करू नये.

— इलेक्ट्रॉनिक्सचे एक अधिव्याख्याता, परभणी