काका, त्या रात्री तुम्ही पत्रिका मोठ्याने वाचलीत

आदरणीय काका,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, हे ठाऊक आहे. तुमचा मुलगा वाचून दाखवेल. मला हे चारचौघांत लिहायचं होतं, कारण तुम्हाला समोर सांगायला गेले की तुम्ही "चहा घेणार का?" म्हणून विषय बदलता.

वसुबारसेच्या दुपारी, मी संगणकावर मांडलेल्या २५० लग्नपत्रिकांचा गठ्ठा छापून घरी आला. वरची पत्रिका उचलली आणि हातपाय गार पडले. 'चि.'ची वेलांटी 'च'च्या उजवीकडे जाऊन पडलेली. 'श्री'तला 'र' सुटा. नवरीच्या आडनावातलं जोडाक्षर फुटून मधोमध पाय मोडलेलं अक्षर उभं. असं का होतं हे आमच्या कामातल्या सगळ्यांना माहीत आहे. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे त्यांच्या नुसत्या रेषाकृती करून, पाठवली की ती चित्रासारखी जागच्या जागी राहतात. पण त्या छापखान्याने "साइझ आम्ही बसवतो, ओपन फाइल द्या" म्हणून अक्षरं बदलता येतील अशी फाइल मागून घेतली, त्यांच्याकडे माझा फॉन्ट नव्हता, संगणकाने आपल्या मनाने दुसरा घातला. चूक होते. पण २५० वेळा तो कागद यंत्रातून बाहेर पडला आणि तिथल्या एकाही माणसाला त्याच्याकडे बघावंसं वाटलं नाही, हे मला अजून सहन होत नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, "मॅडम, फाइल तुमची. येते तशी छापतो. आणि पत्रिका वाचतं कोण? लोक तारीख आणि हॉल बघतात."

नवरीच्या घरी भाऊबीजेला सगळे नातेवाईक जमणार होते. त्याच दिवशी हातोहात पत्रिका वाटायच्या आणि तुळशीचं लग्न झालं की बाकीच्या गावोगाव पाठवायच्या, असं ठरलं होतं. कुलदैवताची पहिली पत्रिका त्याआधीच जायला हवी होती. मी शनिवार पेठ, नारायण पेठ, आप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्ल्या, सगळं पालथं घातलं. सगळीकडे एकच, "आता पाडव्यानंतर." त्यांना बोल नाही. कामगार गावी गेलेले, यंत्रं पुसून झाकलेली.

तुमच्या छापखान्याचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत डोकावले. तुम्ही पैशांचं विचारलं नाहीत, आधी कुठे छापलं तेही नाही. कागदाचा तुकडा मागितलात, दोन बोटांत धरून चोळलात आणि म्हणालात, "हातकागद आहे. शिवाजीनगरचा का?" हो, त्याच १९४० सालच्या हातकागद संस्थेतला, सुती चिंध्यांच्या लगद्याचा. तो शाई कशी पितो, हे तुम्हाला हाताला कळलं. "ह्याला घाई चालत नाही. स्क्रीन प्रिंटिंग करू, जाळीतून हाताने. उद्या कागद घेऊन ये."

धनत्रयोदशीच्या रात्री नऊ वाजता स्क्रीन बनवण्याआधी तुम्ही जे केलंत, त्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही प्रूफ दिव्याखाली धरलंत, चष्मा पुसलात, ओळीखाली बोट ठेवलंत आणि '॥ श्री गणेशाय नमः ॥'पासून मोठ्याने वाचायला लागलात. घाई नाही. प्रत्येक विराम घेऊन. 'चि. सौ. कां.' आलं तेव्हा तुमच्या आवाजात कौतुक होतं, जणू घरातलीच मुलगी. खाली आजोबांच्या नावाआधी 'कै.' आलं आणि तुमचा आवाज आपोआप खाली गेला. ज्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही, त्या माणसासाठी. मी दाराशी उभी होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. दोन दिवस मी त्या कागदाकडे फक्त नुकसान म्हणून बघत होते. कुणाच्या तरी घरचं कार्य आहे, हे मलाही विसरायला झालं होतं.

आणि मग तुमचं बोट थांबलं. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलंत, परत कागदाकडे, आणि काही न बोलता प्रूफ माझ्याकडे वळवलंत. तारीख रविवारची होती, वार शनिवार लिहिला होता. तो वार मी टाइप केला होता. मी वाचला, नवरीच्या वडिलांनी वाचला, मामांनी वाचला. पहिला गठ्ठा सुबक छापून आला असता, तर ती चूक २५० घरी गेली असती.

तुम्ही एवढंच म्हणालात, "बदलून आण बाळा, मी थांबतो." दुसऱ्या दिवशी ग्राहक स्वतः पत्रिका न्यायला तुमच्याकडे आले, तेव्हाही त्यातलं अक्षर बोलला नाहीत. सोनेरी शाई कशी वाळवली, तेवढंच सांगितलंत.

नंतर तुमच्या मुलाकडून कळलं, की तुम्ही चौदाव्या वर्षी छापखान्यात लागलात ते कॉपी वाचायला. तुम्ही हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, समोर मुद्रितशोधक प्रुफावर डोळे ठेवून बसायचे. पुढे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायला शिकलात, उलटं अक्षर सरळ वाचायला शिकलात. खिळे गेले, पायाने चालवायचं ट्रेडल यंत्र गेलं, सवय राहिली. माझ्याकडे संगणक चांगला आहे, पण तो 'शनिवार' आणि 'रविवार' दोन्ही सारख्याच सुंदर अक्षरांत दाखवतो. दुसऱ्याचं काम आपल्या हातून जाताना त्याच्याकडे एकदा नीट बघणारी माणसं अजून आहेत, आणि ती बहुतेक अशाच अर्ध्या उघड्या शटरच्या आड बसलेली असतात. त्यांची पाटी लहान असते, जाहिरात नसते.

तुम्ही फक्त शाईचे आणि मदतनीस मुलाच्या मजुरीचे पैसे घेतलेत. बाकीचं मी परत विचारणार आहे, तेव्हा चहाचं काढू नका.

आता प्रत्येक पत्रिका छापायला जाण्याआधी मी घरी मोठ्याने वाचते. आई समोर मूळ मजकूर घेऊन बसते, कॅलेंडर शेजारी असतं. परवा एका पत्रिकेत मुलाच्या आईच्या नावाआधी 'कै.' होतं. माझा आवाज खाली गेला, आईने कागदावरून मान वर केली, आणि आम्ही दोघी क्षणभर थांबून मग पुढची ओळ वाचली.

आपली,
पत्रिकावाली मुलगी