‘टेक’ म्हणजे फक्त ‘घेणे’ नव्हे

माननीय संपादक,

एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मुलांसाठी वर्तमानपत्रांत इंग्रजी शब्दार्थांचे चौकोन छापले जातात. त्यात ‘टेक – घेणे’ ही जोडी हमखास असते. अर्थ चुकीचा नाही, पण तेवढ्यावर मूल वाक्य करायला बसले की फसते. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांतल्या वह्यांत तर त्याच चार-पाच चुका वर्षानुवर्षे दिसतात, आणि प्रत्येकीचे कारण आपल्या मराठीत सापडते.

आधी परीक्षेचेच घ्या. आपण परीक्षा ‘देतो’, म्हणून मराठी माध्यमाचे मूल ‘आय गेव्ह द एक्झाम’ लिहिते. कन्नडमध्ये परीक्षा ‘बरेयुत्तारे’, म्हणजे लिहितात, म्हणून शेजारच्या कन्नड शाळेतले मूल ‘आय रोट द एक्झाम’ लिहिते. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. फोटो आपण काढतो, गोळी खातो, पाऊल टाकतो. इंग्रजीत तिन्हीकडे ‘टेक’. उलट सभा आणि स्पर्धा आपण घेतो, तिथे इंग्रजीत ‘होल्ड’ लागते. विकत घेणे ‘बाय’, दत्तक घेणे ‘अडॉप्ट’. ‘वाचून घे’, ‘समजून घे’ यांतल्या ‘घे’ला तर इंग्रजीत वेगळा शब्दच नाही, नुसते ‘रीड’ आणि ‘अंडरस्टँड’ पुरते. कन्नडमधल्या ‘ओदिको’ आणि ‘तिळको’तला ‘को’ असाच आहे, हे आपल्या मुलांना चटकन कळते.

वेळ लागण्याचे वाक्य सर्वांत जास्त चुकते. ‘खानापूरहून बेळगावला यायला एक तास लागतो’, पण ‘दोन तास लागतात’. मराठीत क्रियापद तासांच्या मागे जाते, म्हणून मूल ‘टू अवर्स टेक’ असे लिहिते. इंग्रजीत कर्त्याच्या जागी ‘इट’ बसवावा लागतो: ‘इट टेक्स टू अवर्स’. तास कितीही असले तरी ‘टेक्स’च राहते. कोणाला लागले ते सांगायचे तर ते लगेच पुढे येते: ‘इट टुक मी टू अवर्स’.

‘डिड नॉट टुक’ ही दुसरी हट्टी चूक. मराठीत ‘घेतला’ आणि ‘घेतला नाही’, दोन्हीकडे भूतकाळ मुख्य क्रियापदावरच राहतो, म्हणून ‘टुक’ हलत नाही. इथे सीमाभागातल्या मुलाला एक फायदा आहे, तो शिक्षकांनी वापरायला हवा. कन्नडमध्ये ‘बंदनु’ म्हणजे आला आणि ‘बरलिल्ल’ म्हणजे आला नाही. नकार येताच ‘बंद’ हे भूतकाळी रूप जाते. ‘केम’ आणि ‘डिड नॉट कम’, ‘टुक’ आणि ‘डिड नॉट टेक’ यांची रचना अशीच आहे. बाजारात आणि बसमध्ये कन्नड ऐकणाऱ्या मुलाला हा नियम पाठ करावा लागत नाही, त्याच्या कानात तो असतोच. ‘हॅव टुक’ मात्र दुसऱ्या कारणाने होते: ‘घेतले’ आणि ‘घेतले आहे’ यांत आपले रूप एकच, इंग्रजीत ‘टुक’ आणि ‘टेकन’ अशी दोन. ती घोकावीच लागतात.

‘डबा घेऊन जा’ आणि ‘डबा घेऊन ये’ यांत आपली दिशा ‘जा’ आणि ‘ये’मध्ये असते, इंग्रजीत ती क्रियापदातच मुरलेली आहे, ‘टेक’ आणि ‘ब्रिंग’. ‘उद्या वही घेऊन येतो’ यासाठी शिक्षकांना उद्देशून ‘टेक’ लिहिले की अर्थ उलटतो.

जोडशब्दांपैकी तीन आधी शिकवावेत. ‘टेक प्लेस’ म्हणजे घडणे. त्याचा कर्मणी प्रयोग होत नाही, म्हणून ‘वॉज टेकन प्लेस’ कधीच नको. ‘टेक ऑफ’ सांबरा विमानतळावरून उडणाऱ्या विमानालाही लागते आणि पायांतून काढायच्या चपलांनाही. पण चपलांसाठी ‘देम’ वापरले तर ते मध्येच हवे, ‘टेक देम ऑफ’. ‘टेक आफ्टर’ म्हणजे आईच्या किंवा बापाच्या वळणावर जाणे. इथे ‘हर’ शेवटीच येते, ‘शी टेक्स आफ्टर हर’.

तेव्हा विनंती अशी, की विद्यार्थ्यांच्या पानावर सुटा शब्द आणि सुटा अर्थ छापू नये. एका दिवशी एकच क्रियापद घ्यावे, त्याच्याबरोबर येणारी पाच नामे, पूर्ण वाक्ये, मराठी अर्थ आणि शेजारी देवनागरीत कन्नड अर्थ द्यावा. ‘टेक’नंतर ‘गेट’ घ्यावे. मिळणे, होणे, पोहोचणे, समजणे असे अर्थ त्यात आहेत आणि तिथला गोंधळ याहून मोठा आहे.

– इंग्रजीचे एक शिक्षक, खानापूर तालुका