तीन घरी झोपणारं पोर

डब्बो, न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया
२५ मे

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन महिना उलटला. उत्तराला उशीर झाला, कारण त्यातल्या एका ओळीवर मी अडकलो. वस्तीवरची पारधी पोरं दिवाळीनंतर शाळेतून गायब होतात, असं सांगून तू लिहिलंयस, "आईबापांना काही पडलेलंच नाही." मी अगदी असंच एक वाक्य इथे लिहिलं होतं. ते आज तुला सांगतो.

गेल्या वर्षी बालसंरक्षणाच्या कामावर एका घरी पहिल्यांदा गेलो. आजी आणि सहा वर्षांचा नातू. याहून जास्त ओळख सांगत नाही. मी बसायच्या आत आजींनी फ्रिजचं दार उघडलं आणि उघडंच धरून उभ्या राहिल्या. दूध, अंडी, सफरचंदं. मी काही विचारलंही नव्हतं. ऑफिसात येऊन नोंद केली: 'मुलाला स्वतःचा पलंग नाही. आठवड्यात तीन वेगवेगळ्या घरी झोपतो. सांभाळणारी कायमची एक व्यक्ती दिसत नाही.' यातला शब्द न् शब्द खरा होता.

आमच्याकडे एक विराजुरी बाई काम करतात. विराजुरी म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एक समाज. सगळे त्यांना आंटी म्हणतात. इथे वडीलधाऱ्यांना आंटी-अंकल म्हणणं हा मान आहे. नोंद पुढे जायच्या आधी त्यांनी वाचली. बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लहानपणी सुट्टीत तू कुठं झोपायचास?"

मला बार्शीचं मामाचं माळवद दिसलं. तूही असायचास. नऊ पोरं, तीन वाकळा, कोण कुणाच्या कुशीत याचा पत्ता नाही. मला ताप भरला त्या रात्री उशाशी धाकटी मामी बसली होती, आई तर गावातही नव्हती. तेव्हा कुणी कागद घेऊन आलं असतं तर माझ्याबद्दल काय लिहिलं असतं? त्या पोराची तीन घरं म्हणजे एक आजीचं. दुसरं आजीच्या बहिणीचं, तिलाही तो आजीच म्हणतो. तिसरं आईच्या बहिणीचं, आणि तिला तो आई म्हणतो. एक सांभाळणारी दिसत नव्हती, कारण तिघी होत्या.

आणि फ्रिज. ते आंटींनी सांगितलं तेव्हा मला रात्रभर झोप नाही. आजींच्या लहानपणी 'वेल्फेअर'ची, म्हणजे मूळ रहिवाशांची मुलं उचलून नेणारी सरकारी माणसं यायची ती कपाटं उघडून बघायची. गाडी दिसली की पोरं झाडीत पळायची. कुठे कुठे आया लेकरांच्या तोंडाला कोळसा फासायच्या, कारण गोरटेली पोरं आधी उचलायचे. या राज्यात १९०९च्या कायद्यात निदान कोर्टापुढे 'दुर्लक्ष' सिद्ध करावं लागत होतं. १९१५च्या दुरुस्तीने तेही गेलं. मूळ रहिवाशांवर नेमलेल्या सरकारी मंडळाला नुसतं वाटलं की मूल नेता येऊ लागलं. केम्प्सीजवळच्या किंचेला इथल्या मुलांच्या वसतिगृहात, १९२४ ते १९७०, पोरांना नावाऐवजी नंबराने हाक मारत. तिथून बाहेर पडलेली माणसं अजून हयात आहेत. म्हणजे माझ्या कागदावरचं 'दुर्लक्ष' त्या आजींना कुठून ऐकू येत असेल, बघ.

उद्या इथे सॉरी डे. १९९७ साली याच तारखेला 'ब्रिंगिंग देम होम' हा तोडून नेलेल्या मुलांवरचा अहवाल संसदेत मांडला गेला. २००८च्या १३ फेब्रुवारीला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली. पण आजही देशातल्या मुलांमध्ये मूळ रहिवाशांची, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल आणि टॉरेस स्ट्रेट बेटांवरची मुलं जेमतेम ६ टक्के, आणि सरकारने घराबाहेर ठेवलेल्या मुलांमध्ये ती ४० टक्क्यांच्या वर. हे प्रमाण २०३१पर्यंत ४५ टक्क्यांनी खाली आणायचं सरकारने ठरवलंय. माझ्यासारख्यांच्या नोंदी बदलल्याशिवाय ते कसं खाली येणार?

'कल्चरल सेफ्टी', म्हणजे सांस्कृतिक सुरक्षितता, हा शब्द न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेती रॅम्सडन यांनी रुजवला. त्यांचं म्हणणं मला फार पटतं: आपण सुरक्षित होतो की नाही, हे मदत घेणाऱ्याने ठरवायचं, देणाऱ्याने नाही. अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण आणि भिंतीवर ठिपक्यांचं चित्र, एवढ्याने ते होत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे की या मुलांचे निर्णय आणि त्यासाठीचा पैसा, दोन्ही त्यांच्याच संस्थांच्या हातात हवेत. मेलबर्नमध्ये मॉली डायर यांनी १९७०च्या दशकात त्यांच्या लोकांची बालसंगोपन संस्था उभी केली, ती आजही चालते आहे.

तू म्हणशील, मग मारहाण होत असली तरी गप्प बसायचं का? नाही रे. एका रात्री मी स्वतः दोन लेकरं घराबाहेर काढली आहेत. पण त्या रात्रीही पहिला प्रश्न हाच, की यांचं कोण आहे? आधी नातलग, मग त्यांच्या समाजातलं घर. हे तत्त्व इथल्या कायद्यात आहे, पण मध्यरात्री फोन फिरवायचा कंटाळा केला की ते कागदावरच राहतं.

मी ती नोंद मागे घेतली आणि आजींकडे परत गेलो, फाइल न नेता. व्हरांड्यात बसलो. विराजुरीत 'यिंद्यमर्रा' असा शब्द आहे: मान राखणं आणि सावकाश चालणं, दोन्ही त्यात येतं. माझं गाव, माझी माणसं विचारून झाल्यावर, तिसऱ्या खेपेला, त्यांनी स्वतःहून मोठा कागद मागितला आणि गोतावळा काढायला घेतला. नातू मांडीवर. एका गोलापाशी पेन थांबलं. त्यात त्यांनी नाव लिहिलं नाही. तो त्यांचा मुलगा. जाऊन वर्ष झालं नव्हतं. मी विचारलं नाही. पोराने त्या कोऱ्या गोलाशेजारी कुत्रा काढला, "हा त्याचा" म्हणाला, आणि आजी कितीतरी वेळाने हसल्या. मूल अजून तिन्ही घरी झोपतं. तिन्ही पत्ते आता आमच्या कागदावर आहेत, त्याची घरं म्हणून.

आता तुझी पारधी पोरं. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्यातही लेकरं आईबापांपासून वेगळी काढून शाळेत ठेवायची सोय होती. तुझ्या सोलापुरात तर या जमातींना डांबून ठेवायची सेटलमेंटच होती. तेव्हा शाळेचा माणूस हजेरी घेऊन दारात आला की तुझ्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना काय आठवत असेल? दिवाळीनंतर पोरं कुणाबरोबर जातात, कुठल्या मावशीकडे, कामाला की आणखी कशाला, हे कुणी त्यांच्यात बसून विचारलंय का? तू विचार, आणि मला लिही. घाई नाही. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच